पाय लागल्याचा नमस्कार

वनमाला पेडणेकरला कराटेचा नाद लागला तो भांडायला गेल्यामुळे. मुलुंडला त्यांच्या चाळीसमोर शाळेचा हॉल होता आणि रविवारी दुपारी तिथे चाळीस-पन्नास गळे एकदम ओरडायचे. तिच्या आईची, जानकीबाईंची, आठवड्यातली एकुलती एक निवांत झोप त्यात मोडायची. वनमाला पदर खोचून तरातरा गेली. क्लास घेणारे क्लेमेंट सर कुर्ल्याच्या गावठाणातले, माहुलच्या एका कारखान्यात फिटर. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही पोरं का ओरडतात ते एकदा बसून बघून तर जा. ती बसली, ती सहा वर्षं उठलीच नाही. ही गोष्ट ऐंशी सालची. तेव्हा ती सत्तावीसची होती, एका औषध कंपनीत पॅकिंगला होती आणि तिच्यासाठी स्थळं बघून बघून थकलेले मामा मालवणला परत गेले होते.

क्लेमेंट सर माणूस प्रेमळ, पण क्लासमध्ये कसाई. उघड्या फरशीवर मुठी टेकून दंड, मग एकमेकांच्या नडग्यांवर नडग्या आपटायच्या, मग पोटावर ठोसे घ्यायचे आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं की पुन्हा पहिल्यापासून. वनमालाच्या हातापायांवर हिरवे-निळे डाग कायमचे मुक्कामाला आले. कंपनीतल्या बायकांनी डोकं लढवलं. लग्न झालेलं नाही म्हणजे नवरा मारत नाही. तेव्हा म्हातारीच मारत असणार. जानकीबाईंचं वजन सगळं मिळून अडतीस किलो, पण हा हिशेब कोण करतो? वनमालानेही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर ती त्या डागांवर खूश होती. एवढी वर्षं लोकांनी तिच्याकडे बिचारी म्हणून पाहिलं होतं, आता जरा बिचकून पाहत होते.

पंच्याऐंशी साली ती ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसली आणि तिथे तिची वाट लागली. या परीक्षेत दमवून दमवून अर्धमेलं केल्यावर शेवटी दहा फाइट असतात. समोर दर वेळी नवा, ताजातवाना माणूस, दीड मिनिटाची एकेक फाइट, मध्ये विश्रांती नाही. बाई दुसरी कुणी नव्हतीच, त्यामुळे दहाही पुरुष. सहा फाइट तिने निभावल्या. सातव्या फाइटला तिची लाथ समोरच्याच्या कमरेत सणसणीत बसली, आणि त्याच क्षणी बचावासाठी हनुवटीशी धरलेला तिचा उजवा हात सुटला, त्या माणसाच्या दंडाला लागला आणि तिथून स्वतःच्या छातीकडे निघाला. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे जानकीबाईंनी तिला चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. हात छातीपर्यंत पोचायच्या आत बरगडीत ठोसा बसला आणि वनमाला फतकल मारून खाली बसली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नापास लिहिलं. हिने मध्येच काय केलं, हे त्यांना नीटसं कळलंही नसावं.

पुढचं वर्षभर सरांनी या नमस्कारावर औषध शोधलं. तिचा हात पट्ट्याला बांधून पाहिला. मुठीत रुमाल द्यायचा आणि तो पडला की वीस दंड काढायचे, असंही करून पाहिलं. दंड चिकार झाले, नमस्कार काही जाईना. गंमत म्हणजे वाळूच्या पोत्याला लाथ मारताना हात जागचा हलत नसे. माणूस दिसला की हलायचा. “वनमाला, तू आधी माफी मागून मोकळी होशील तर बरं गं,” सर एकदा वैतागून म्हणाले. तिने ते घरी आईला सांगितलं, हसत हसतच.

जानकीबाई हसल्या नाहीत. त्या तांदूळ निवडत होत्या.

“सकाळी उठान जमनीक आधी हात लावतंव, मगेच पाय ठेवतंव मां?” त्या म्हणाल्या. “तसाच कर.”

म्हणून शहाऐंशीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी, फाइट सुरू होण्याआधी, वनमाला रांगेत उभ्या दहा जणांसमोरून गेली. प्रत्येकाच्या दंडाला हात लावला, छातीशी नेला. पोरं फिदीफिदी हसली. परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा सर त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी समजावत राहिले.

आणि औषध लागू पडलं. तिची लाथ बसत होती आणि हात हनुवटीशीच राहत होता. मार तिनेही भरपूर खाल्ला. चौथ्याने मांडी बधिर केली, सातव्याच्या कोपराने ओठ फुटला, नवव्या फाइटपर्यंत डावा पाय नुसता सोबत येत होता. पण ती उभी होती. दहावा अनंत नावाचा धिप्पाड गडी. त्याचा अंगठा मात्र आधीच्या एका उमेदवाराशी लढताना निखळला होता आणि तो कोपऱ्यात हात धरून बसला होता. परीक्षक म्हणाले, दहावा पाहिजेच. क्लेमेंट सर उठले आणि समोर येऊन उभे राहिले.

सरांना आधी नमस्कार केलाच नव्हता. वनमाला घाईने पुढे झाली तसा सरांनी तळहात दाखवला.

“वेळ गेली,” ते म्हणाले. “आता मार.”

पहिलं एक मिनिट ती नुसती मार खात मागे सरकत होती. सरांनी तिला तसूभरही सूट दिली नाही. मग त्यांचा डावा हात किंचित खाली आला आणि सहा वर्षं घोटलेली लाथ तिच्या नकळत सुटली, सरांच्या बरगडीत बसली. कुणा ऐऱ्यागैऱ्याला नव्हे, ज्यांनी शिकवलं त्यांना पाय लागला. उजवा हात सुटू पाहत होता. तिने दात खाऊन तो हनुवटीशी दाबून धरला आणि दुसरी लाथ मारली. सर दोन पावलं मागे गेले. शिट्टी झाली तेव्हा ते बरगडी धरून वाकले होते, आणि इतके खूश दिसत होते की पास झालं कोण, असा प्रश्न पडावा.

संध्याकाळी वनमाला नवा काळा पट्टा पिशवीत घालून लंगडत घरी आली. जानकीबाईंनी हळद तापवली, ओठाला लावली, दंडाला लावली आणि सगळं विचारून घेतलं. सरांना पाय लागल्याचं ऐकून त्यांचा हात थांबला.

“नमस्कार केलंस?”

“नाही.”

जानकीबाईंनी पुन्हा वाटीतल्या हळदीत बोट बुडवलं.

“बरा केलंस,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी लेकीचा काळानिळा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. वनमालाने तो झटकन मागे ओढला. आईला पाय लागला, तिचा हात निघालाच होता. जानकीबाईंनी तो हात वरच्या वर धरला, बाजूला ठेवला आणि पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतला.

“र्‍हवांदे गो,” त्या म्हणाल्या आणि नडगीला हळद लावू लागल्या.