अकरा दोषांची यादी

निकम काका चौथ्या पावलाला थांबले.

उजवा पाय त्यांनी उचलला, डावीकडे सरकवला, परत जागेवर आणला. मग पायाच्या बोटांनी फरशी चाचपायला लागले. हॉलमध्ये आम्ही तिघं होतो. काका, त्यांचा मुलगा प्रशांत आणि मी. मी मोबाइल धरून शूटिंगला तयार होते. काम ताब्यात देताना घरमालकाचा चेहरा खुलतो, तो व्हिडिओ आम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो. काकांचा चेहरा खुलला नाही, पांढराफटक पडला.

"मी कोठे शे?" ते म्हणाले.

काका मूळचे देवळ्याकडचे. माझ्याशी ते नेहमी शहरातलं मराठी बोलले होते. त्यांची गावाकडची अहिराणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. चाळीस वर्षं राहिलेल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या हॉलच्या मधोमध उभा राहून माणूस विचारत होता, मी कुठे आहे. मला वाटलं, अर्धांगाचा झटका आला.

प्रशांतनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. काकांनी तो झटकला, वळले आणि सरळ शोकेसवर जाऊन आदळले.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. मी फरश्या घासते. हाच माझा धंदा. असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग घाईघाईनं विषय बदलतात. त्यांच्या डोळ्यांसमोर फडकं आणि बादली येते. माझ्याकडे चार माणसांशिवाय न उचललं जाणारं ग्राइंडिंग मशिन आहे. त्याच्या खाली हिऱ्याच्या कणांचे तुकडे बसवलेले असतात. दगडी फरशी वर्षानुवर्षं वापरून झिजते, कोपरे उडतात, खळगे पडतात. आम्ही पाणी सोडून तिचा वरचा पातळ थर घासून काढतो. आधी पन्नास नंबर, मग शंभर, दोनशे, चारशे, असं करत तीन हजारापर्यंत. सँडपेपरसारखंच, नंबर जितका मोठा तितकं बारीक काम. शेवटी जुनाट राखाडी शहाबादीतसुद्धा पंख्याची पाती दिसतात. एका फरशीची कड शेजारच्या फरशीपेक्षा वर आलेली असते, त्याला आम्ही लिपेज म्हणतो. लिपेज हा माझा जन्माचा वैरी आहे.

प्रशांतचा फोन पुण्याहून आला होता. "मॅडम, नाशिकरोडला आमचं जुनं घर आहे. बाबा एकटे राहतात. अठ्ठ्याहत्तर वय आहे. सगळी फरशी खालीवर झालीय, ठेचकाळून पडतील कधीतरी. एक उंचवटा ठेवू नका."

"नाही ठेवणार," मी म्हणाले. त्यापुढे मी काहीच विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही.

सर्व्हेला गेले तर काका दारातच उभे. ताठ अंगकाठी, जाड फ्रेमचा चष्मा, हात मागे बांधलेले. मनमाडला रेल्वेत रूळ तपासणारे इन्स्पेक्टर होते. फाटक वाजताच म्हणाले, "या ताई. चपला मात्र बाहेर. खडा आत येतो."

आणि मग त्यांनी मला घर दाखवलं. खरं म्हणजे माझ्याकडून लिहवून घेतलं. स्वतः अनवाणी पुढे चालत होते आणि मी वही घेऊन मागे.

"दारातून सरळ चौथी फरशी. डाव्या कोपऱ्याची कपची उडालेली आहे. लिहा."

मी लिहिलं.

"सहावी आणि सातवी. सातवीची कड वर आहे. दोन मिलिमीटर धरा."

मी खाली बसून पट्टी लावली. बरोबर दोन मिलिमीटर. इतक्या वर्षांत मला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. लोकांना 'फरशी काळी पडलीय' याच्या पलीकडे काही सांगता येत नाही.

"काका, नजर आहे हं तुम्हाला," मी म्हणाले.

ते हसले. "छत्तीस वर्षं रूळ बघितले," म्हणाले.

पॉलिशचे नमुने पुढे केले, तर त्यांनी प्रत्येकावरून अंगठा फिरवला आणि एक परत दिला. "हा चांगला." मी मनात म्हटलं, जाणकार माणूस. कोटेशन हातात दिलं, तर घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "प्रशांतला व्हॉट्सॲप करा." सगळ्या घराचे मिळून अकरा दोष त्यांनी मला लिहायला लावले. अर्ध्या तासात त्यांनी एकदाही खाली बघितलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

काम सुरू झाल्यावर घरभर चिखल होतो, म्हणून काका आठ दिवस सिन्नरला बहिणीकडे राहायला गेले. आम्ही अकराच्या अकरा दोष काढले. खळगे भरले, सांधे भरले, कडा उतरवल्या. एकेक झालं की मी यादीत त्यावर टिक करत होते. शेवटच्या दिवशी दारापासून मागच्या अंगणापर्यंत दोरी ताणून बघितली. कुठे नखाएवढा फरक सापडला नाही. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या पाच कामांत मी ते काम धरलं असतं.

आता परत त्या सकाळकडे येते.

काका शोकेसवर आदळले, आतले कप खणखणले. प्रशांतनं त्यांना खुर्चीवर बसवलं. मी विचारलं, "डॉक्टरांना बोलवायचं का? चक्कर आली का त्यांना?"

"चक्कर नाही हो," प्रशांत म्हणाला. "त्यांना दिसत नाही ना."

"म्हणजे?"

"दिसत नाही. काचबिंदू. सहा वर्षं झाली. उजेड-अंधार तेवढा कळतो."

माझ्या डोक्यात पट्टी घेऊन मोजलेले ते दोन मिलिमीटर फिरत होते. 'नजर आहे हं तुम्हाला.' हे मी म्हणाले होते. दाराच्या मागे टांगलेली पांढरी काठी मला तेव्हा दिसली. सर्व्हेच्या दिवशी मी ती बघितली होती आणि जाळी काढायचा दांडा समजले होते.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" माझा आवाज चढला.

"बाबांना आवडत नाही सांगितलेलं," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का मॅडम, घरात असले की आम्हीच विसरतो. काठी फक्त बाहेर लागते त्यांना. घरात ते पळतात."

तो 'पळतात' म्हणाला मात्र, आम्ही दोघांनी एकदमच खाली फरशीकडे बघितलं.

मी पर्समधून वही काढली. पहिली ओळ वाचली. "दारातून चौथी फरशी, डावा कोपरा."

"तिथनं डावीकडे वळलं की स्वयंपाकघर," काका खुर्चीतून म्हणाले.

"सहा-सात, वर आलेली कड."

"तिथनं उजवा हात लांब केला की फोन."

"मोरीच्या अलीकडे आडवी चीर."

"पुढे पायरी आहे."

मी वाचत गेले, ते सांगत गेले. मागच्या दाराशी खळगा, म्हणजे कडी हाताशी. कॉटजवळ दोन फरश्यांमधली फट, म्हणजे इथे बसा. अकराच्या अकरा. माणसाच्या घरातला एकेक रस्ता मी पाणी सोडून घासला होता आणि वर टिक केली होती.

"काका, मग तुम्ही मला दाखवलंत कशाला हो?" मी जवळजवळ ओरडलेच.

"प्रशांत म्हणाला, खराब काय आहे ते सांगा. ते खराबच होतं," ते म्हणाले. "मला तरी कुठं ठाऊक होतं, ताई? मी समजायचो, घर मला तोंडपाठ आहे. आत्ता पाय टाकला तर काहीच नाही. सगळं सारखं."

त्यांना माझा राग आला असता तर बरं झालं असतं. ते घाबरलेले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुधरत नव्हतं.

प्रशांत उठून आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्यानं काकांचे कपडे भरलेली एक निळी सूटकेस आणून स्वयंपाकघराच्या वाटेवर भिंतीशी ठेवली.

"आमचं ठरलं होतं मॅडम," तो हळू आवाजात मला म्हणाला. "जोवर बाबा स्वतःचं स्वतः करतात, तोवर इथे. एकदा जरी अडलं की पुण्याला. माझा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. तिथं काय करतील, मला माहीत नाही. पण इथं एकटं कसं सोडू?"

काकांना सगळं ऐकू येत होतं. खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिले.

"मला चार दिवस द्या," मी म्हणाले. काय करणार हे मला अजिबात माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रबराच्या चटया घेऊन गेले. वळणावळणावर त्या टाकल्या. काकांनी एकीवर पाय ठेवला, ती इंचभर सरकली. त्यांनी पाय काढून घेतला. "सरकणाऱ्या गोष्टीवर मी गाडी सोडत नाही," म्हणाले. चिकटपट्ट्या लावल्या, तर सगळ्या पट्ट्या पायाला एकसारख्या लागायला लागल्या. दगड खरबरीत करायचं मशिन असतं, पण त्यानंही सगळीकडे तोच पोत येतो. काकांना अकरा वेगळ्या खुणा हव्या होत्या, अकरा वेगळ्या जागी.

मला आईचा पाटा आठवला. वाटून वाटून तो गुळगुळीत झाला की मसाला निसटायचा. मग गल्लीत एक बाई हाक देत यायची, हातोडी आणि लोखंडी टाकी घेऊन पाट्यावर टकटक करत बारीक टिंबं पाडायची. त्याला टाकी लावणं म्हणतात. माझं सगळं आयुष्य दगड गुळगुळीत करण्यात गेलं. ते उलट करणारं माणूस आता कुठे मिळणार?

मिळालं, सिन्नरच्या आठवडे बाजारात. मंगलबाई नाव. साठीच्या पुढची बाई पाटे, वरवंटे, खलबत्ते मांडून बसली होती. मी तिला काम सांगितलं.

"फरशीला टाकी?" ती म्हणाली. "येडी हाय का तू? मिक्सर आल्यापासून पाट्याला कोन लावंना, अन् तू फरशीला लावती."

काका आंधळे आहेत, हे सांगितल्यावर मात्र तिनं दुकान शेजारणीच्या भरवशावर टाकलं आणि माझ्या टेम्पोत बसली.

नाशिकरोडच्या हॉलमध्ये आली आणि दारातच थबकली. "येवढ्या आरशावर मारू? माझा हात धजत नाय बाई. कोन केलं हे?"

"मीच केलं. मारा," मी म्हणाले.

तिनं दगडावर आधी हात फिरवला. "पाट्याचा दगड लय कठीण. हा मऊ हाय. जोरात मारलं तर पापुद्रा सुटल."

"पाय अडकणार नाही, पण तळव्याला कळेल. तेवढंच," मी सांगितलं.

मी वही उघडून चौथी फरशी मोजली, डाव्या कोपऱ्याला खडूनं खूण केली. जिथे टिक केली होती, तिथूनच आता उलट जायचं होतं. पहिला घाव बसला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तीन हजार नंबरपर्यंत नेलेली फरशी होती ती.

कोपऱ्यात मूठभर टिंबं पडली. मंगलबाईनं फुंकर मारली. काका प्रशांतचा हात धरून आले, त्यांनी पाय ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"थोडं अजून कडेला," ते म्हणाले.

आणखी चार टिंबं पडली.

"हं," ते म्हणाले, आणि कोणाचाही हात न धरता डावीकडे वळले. दोन पावलांनी त्यांचा तळहात स्वयंपाकघराच्या चौकटीवर टेकला. प्रशांत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

दोन दिवस लागले. फोनपाशी उभ्या रेघा, मोरीपाशी आडव्या, मागच्या दाराशी गोल. अकरांपैकी नऊ खुणा काकांनी लगेच ओळखल्या. दोन पुन्हा कराव्या लागल्या, कारण माझ्या वहीतलीच मापं चुकली होती. ती चूक काकांच्या पायांनी पकडली. तरी ते पूर्वीसारखे पळत नव्हते. उडालेला कोपरा वेगळा आणि टाकीची टिंबं वेगळी. प्रशांतनं रजा वाढवली आणि काका रोज सकाळ-संध्याकाळ घरभर फेऱ्या मारायला लागले.

दोन आठवड्यांनी मी चौकशीला गेले. काकांनी दार उघडलं. "चपला बाहेर," म्हणाले, आणि मला बसवून चहा करायला गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला, कपांचा आला. प्रशांत उठला नाही, पण त्याचे कान सगळे तिकडे होते. मग काका ट्रे घेऊन यायला निघाले आणि त्यांचा पाय कशाला तरी लागला. निळी सूटकेस. त्या दिवसापासून ती तिथेच भिंतीला टेकवून, भरलेली उभी होती; आज जरा वाटेत सरकली होती. चहा थोडा हिंदकळला.

"प्रशांत, ही पेटी कुणाची रे? वाटेतून उचल."

प्रशांतनं माझ्याकडे बघितलं. मग सूटकेस उचलली.

"माझीच आहे, बाबा," तो म्हणाला. "मी उद्या निघतोय."

चहा पिताना काका मला म्हणाले, "ताई, तुमचं काम मात्र एक नंबर होतं. एक दोष ठेवला नव्हतात." टोमणा होता की कौतुक, मला अजून कळलेलं नाही.

माझ्या सर्व्हेच्या फॉर्मवर पूर्वी पहिला रकाना क्षेत्रफळाचा होता. आता तो दुसरा आहे. पहिला आहे: 'या घरात अनवाणी कोण चालतं?' गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडतात, काही हसतात. मी उत्तर लिहून घेते आणि मगच चपला काढून आत जाते.