टाकीमागची हिरवी बाटली

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवलेली बियरची बाटली काल दुपारी उघडली, तर तिला कुजका वास येत होता. दुकानदाराने ती नेहमीसारखी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती. कागद वाजेल म्हणून मीच तो काढून टाकला होता. तो कागद फक्त आपली लाज झाकायला असतो, असं मला वाटायचं. बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा अर्क उजेडाने बिघडतो आणि हिरवी काच तो उजेड अडवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात वस्तू टिकावी म्हणून तिला ऊन दाखवतात. गहू, गाद्या, कुरडया, सगळं.

मी ती पन्हाळीत ओतत होतो, तेवढ्यात बायको कुरडयांचं ताट घेऊन वर आली. दिवाळीतच मी तिला सांगितलं होतं, की सोडली.

"ओतताय? बरं झालं," ती म्हणाली. "परवा शेजारच्या वहिनींनी पाहिली. विचारत होत्या, भाऊजींनी सोडली होती ना?"

"मग?"

"म्हटलं, फिनेल आहे."

"हिरव्या बाटलीत?"

"त्याही हेच म्हणाल्या."

ती हसली नाही. जुनी साडी अंथरताना ती मला दरवेळी म्हणते, "अहो, जरा टोक धरा." काल मी हात पुढे केला, पण तिने एकटीनेच साडी पसरली आणि एकेका कोपऱ्यावर दगड ठेवत गेली.