मफी आणि माफी

बहारीनमधल्या अस्करच्या लेबर कॅम्पवरचा आमचा कॅम्पबॉस कंपनीने रिफाच्या यार्डात हलवला, त्या दिवशी मेसमध्ये कोणीतरी शेवयांची खीर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या. हा माणूस आमच्याच तालुक्यातला. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचो. कोणाला कुठली खोली, कोणाला शिमग्याला सुट्टी आणि कोणाला भर पावसात, हे सगळं भाऊ ठरवायचे आणि ऑफिस त्यावर फक्त सही करायचं. उलट बोलणाऱ्याला त्यांनी कधी मारलं नाही की शिवी दिली नाही. ते शांतपणे एवढंच म्हणायचे, "ह्याचं ताट बंद."

ताट बंद म्हणजे आमच्याकडचं वाळीत टाकणंच, विमानात बसून बहारीनला आलेलं. तो माणूस मेसमध्ये येऊन बसला की शेजारचे आपापलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, डबा आणायला सोबत जायचं नाही, आजारी पडला तरी विचारायचं नाही. कायद्याने गुन्हा ठरल्यापासून गावात हे हल्ली दबकत करतात. आमच्या मेसमध्ये ते राजरोस चालायचं.

माझ्या खोलीतल्या वेल्डरचं ताट असंच बंद झालं. खोल्यांमध्ये चोरून ठेवलेल्या शेगड्या ऑफिसने एका सकाळी उचलून नेल्या आणि भाऊंनी जाहीर केलं की चहाडी ह्यानेच केली. माणूस मितभाषी, त्यामुळे त्याचं "नाही" कोणाला ऐकूच गेलं नाही. तो जिन्यावर बसून जेवायला लागला. मी तिरसट आहे, मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि माझी सुट्टी पावसाळ्यात गेली. ते मी सोसलं. पण बातमी फोनवरून गावी पोहोचली, आणि त्या वर्षी शिमग्याची पालखी त्याच्या बापाच्या अंगणात न थांबता पुढे गेली. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो रडला नाही, मलाच रडू आलं.

नवा कॅम्पबॉस नेपाळी, मोकळ्या तोंडाचा. आल्यावर आठवडाभरात भर मेसमध्ये तो सहज म्हणाला, "शेगडी की शिकायत तो आपके भाऊ ने ही की थी. ऑफिस में सबको मालूम है." सगळ्यांनी ऐकलं. क्षणभर जेवण थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. उठून वेल्डरशी एक शब्द कोणी बोललं नाही.

मग निवडणुकीची टूम निघाली. आमचा साइट इंजिनिअर पुण्याचा, राहायला उम्म अल हस्समला, पण शुक्रवारी आमच्याकडे मासे खायला यायचा. सरळ मनाचा आणि कामसू. म्हणाला, आता एका माणसाच्या हाती काही नको, कमिटी निवडा, खोल्या आणि सुट्ट्या तिने ठरवाव्यात. मलाही ते पटलं. गुप्त मतदानाचा आग्रह मीच धरला. त्याच दिवसांत टीव्हीवर कुठल्यातरी देशातला हुकूमशहा पळाल्याचं दाखवत होते. चौकात लोक नाचत होते.

"बघा, आपल्यासारखंच," कोणीतरी म्हणालं.

"ते तुरुंग उघडून आत कोण कोण होतं ते बघतायत," मी म्हणालो. "आपण खीर खातोय."

हे कोणाला आवडलं नाही. कमिटीसाठी सगळ्यात जोरात उभा होता तो बसचा ड्रायव्हर. भाऊंचा उजवा हात, पण कामाला वाघ आणि अडीअडचणीला धावणारा. तो म्हणाला, "खलास झाला ता. आता कशाक उकरून काढतंस?" इंजिनिअरने त्याचीच री ओढली. "आधी निवडणूक होऊ दे. कमिटी झाली की ती बघेल ना हे सगळं."

मी ऐकायला तयार नव्हतो. मला राजकारणातलं फार कळत नाही, पण आम्ही कसे आहोत ते कळतं. भाऊ जिभेने हुकूम द्यायचे, ताटं उचलणारे हात आमचे होते. ते हात तसेच राहिले तर उद्या आम्ही कमिटीच्या सांगण्यावरून ताटं उचलू, आणि वर म्हणू की बहुमताने उचलली. ज्याच्याशी अजून कोणी बोलत नाही त्याच्या हातात चिठ्ठी देऊन सांगायचं की बाबा, तूही मत दे? मला त्याची लाज वाटत होती. मी ज्याला त्याला गाठून हे सांगत सुटलो. मला बघितलं की लोक रस्ता बदलायला लागले. बदलोत.

त्यांनी उलट भाऊंचाच सत्कार ठरवला. आपल्या माणसांना शाल-श्रीफळ दिल्याशिवाय राजवटसुद्धा संपवता येत नाही. मतदानाच्याच शुक्रवारी, मतदानाच्या आधी, भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. शाल पांघरली, नारळ हातात घेतला, आणि दोन वाक्यं बोलले. "आपण सगळे एकाच मातीतले. माझ्या मनात कोणाबद्दल काय एक मफी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागचे तर उभे राहिले. इंजिनिअरचे डोळे भरून आले होते. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "बघा, मागितली ना शेवटी माफी."

इथल्या अरबीत मफी म्हणजे 'नाही'. दुकानात साखर संपली की मफी, नळाला पाणी नसलं की मफी. आम्ही दिवसातून दहादा हा शब्द बोलतो, आणि त्या दिवशी आमच्यातल्या निम्म्यांना तो मराठीत ऐकू आला. ऐकायचाच होता त्यांना.

मी उभा राहिलो. "भाऊ, मफी म्हणालात की माफी?"

टाळ्या थांबल्या.

"मफी," भाऊ म्हणाले. "माझ्या मनात काही नाही. माफी कसली?"

"शेगड्यांची तक्रार कोणी केली?"

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती," ते म्हणाले. त्यांना वाटलं हे उत्तर पुरेल. मी उभाच राहिलो, तेव्हा "यल्ला, येतो मी" म्हणून निघाले. शाल घेऊन गेले.

इतका वेळ दाराशी उभा असलेला वेल्डर तेव्हा पुढे आला. "माका भाऊंची माफी नको," तो म्हणाला. "माझ्या बापाशीक सांगा."

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. इंजिनिअर पुढे झाला, घसा साफ करून बोलायला लागला, "काका, नमस्कार. मेसच्या वतीने आम्ही सगळे आपल्याला सांगू इच्छितो की आपल्या मुलावर जो आरोप..."

"सगळे म्हंजे कोण?" पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "एकेकान बोला."

मग एक फिटर उठला, फोनजवळ गेला, नाव-गाव सांगून म्हणाला, मी तुमच्या मुलाशेजारून उठलो होतो, त्याने काही केलेलं नव्हतं. मग दुसरा उठला. मग रांगच लागली. कोणी एका वाक्यात उरकलं, कोणाला शब्द सापडेनात. माझी पाळी आली तेव्हा मी काय पाहिलं ते सांगितलं. म्हातारा प्रत्येकाला "हां" म्हणत होता, कमीही नाही, जास्तही नाही.

रांग संपल्यावर त्याने विचारलं, "निवडणुकेक उभे कोण कोण?"

इंजिनिअरने नावं वाचली.

"ते सगळे बोलले?"

सगळ्यांच्या माना ड्रायव्हरकडे वळल्या. तो भिंतीला टेकून उभा होता. जाऊ शकला असता, दार उघडंच होतं. तो टेबलापाशी आला आणि दोन्ही हात टेकून उभा राहिला. "काका, पयलो मीच उठलंय. माका म्हायत होतां, चहाडी तेनां करूक नाय."

मग म्हातारा म्हणाला, "तू कोण, ता सांगूक नाय तू."

ड्रायव्हरने नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाडीसुद्धा सांगितली.

मतदान आम्ही पुढच्या शुक्रवारावर ढकललं. ड्रायव्हर निवडून आला. माझं मत त्यालाच होतं, आणि ते दिल्याचा मला अजून पस्तावा नाही. वेल्डरने कोणाला दिलं ते मी विचारलं नाही.