मध्ये न पडणाऱ्या महाजन मॅडम

महाजन मॅडम कुणाच्या घरी मूल बघायला गेल्या की आधी स्वतःच्या हातांवर बसायच्या. अगदी खरोखर. सतरंजीवर बसायचं, दोन्ही तळहात मांड्यांखाली सरकवायचे आणि मग मुलाकडे बघत राहायचं. मी त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच गावात, जसोंडीत. तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या कॉलेजात मानवविकास हा विषय शिकत होते आणि माझ्या चुलत बहिणीचा पिंटू हा आमच्या वर्गाचा अभ्यासविषय होता. पिंटू चप्पल घालायच्या खटपटीत घामाघूम झाला होता. शेवटी माझ्या काकूला राहवेना, ती उठली. "अहो, बसा ना," मॅडम म्हणाल्या, "त्याचं काम चालू आहे." काकू बसली खरी, पण मॅडमची पाठ वळताच मला म्हणाली, "तुही मास्तरीण चांगली हाय, पण जराशी येडी वाटते."

परतीच्या वाटेवर मी धीर करून हातांचं विचारलं. त्या हसल्या. "मोकळे सोडले की ते ऐकत नाहीत गं. आपण मुलाला चप्पल घालून देतो, प्रेमानंच देतो. पण त्याच्या वाट्याचं शिकणं आपण खाऊन टाकलेलं असतं." बघा, ऐका, मध्ये पडू नका, हे त्यांचं आम्हा मुलींना सांगणं होतं. मोबाईल बॅगेत टाकायला लावायच्या. मूल तुमच्याकडे बघून गोड हसायला लागलं तर समजा की तुमचा अभ्यास बुडाला, असं म्हणायच्या.

शिकवायच्या मात्र फार रंगून. कॉलेज मध्य प्रदेशातलं, तास हिंदीतून चाले, पण मॅडम रंगल्या किंवा चिडल्या की मराठीवर यायच्या आणि मग अर्ध्या मुली अर्थासाठी आम्हा मराठी मुलींकडे बघायच्या. जन्मापासून मरणापर्यंत एक आडवी रेघ त्या फळ्यावर ओढायच्या. साठीपर्यंत फळा संपायचा, तरी खडू थांबायचा नाही, रेघ सरळ भिंतीवर जायची. कॉलेजचा शिपाई ती रोज पुसायचा आणि रोज कुरकुरायचा. पुस्तकात बाळासाठी प्रकरणंच्या प्रकरणं आणि म्हाताऱ्यांसाठी जेमतेम दीड पान, याचा त्यांना मनापासून राग होता. "पुस्तकं लिहिणाऱ्यांना शेवटी शेवटी घरी जायची घाई होते," म्हणायच्या. म्हातारी माणसं पुन्हा लहान होतात, असं कुणी म्हटलं की त्यांचा आवाज चढे. "लहान होत नाहीत. पुढेच जातात. वाढ काही पेन्शनीवर निघत नाही."

मॅडम नेपानगरच्या. वडील भुसावळकडून तिथल्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. वडील गेल्यावर धाकटा भाऊ नेपानगरलाच राहिला आणि आई मॅडमकडे, बुऱ्हाणपूरच्या लालबागला आली. त्या आईला मॅडमच काय, आम्ही सगळ्याच माय म्हणायचो. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "तो टप्पा मी पुस्तकात वाचलाय, पुरे." माय कपाळाला हात लावायची.

मी शिकून त्याच विभागात शिकवायला लागले, त्या वर्षी मायला अर्धांगवायू झाला. बोलणं वाचलं, पण उजवा हात लुळा पडला. मॅडमनी पदर खोचला. माय आता डाव्या हाताने सगळं नव्यानं शिकणार होती. आधी कप धरणं, मग फणी. पहिल्यांदा मायने स्वतःचे केस विंचरले, त्या दिवशी मॅडमनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पेढे कशाचे, हे कळल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला मात्र त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला होता.

खरी लढाई होती जेवणाची. ताटात वरणभात, माय डाव्या हाताने घास गोळा करतेय, घास तोंडाशी येईतो निम्मा पदरावर. मॅडम समोर, हात मांड्यांखाली. जेवण गार व्हायचं. शेजारची बाई एकदा दारातून बघून गेली आणि गल्लीभर सांगत सुटली की शिकल्या-सवरलेल्या लेकीपेक्षा अडाणी सून परवडली. मॅडमच्या कानावर आलं. "तिचं काम चालू आहे," एवढंच म्हणाल्या. पण माय दिवसेंदिवस कमी जेवायला लागली. भूक नाही म्हणायची. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, तेव्हा मलाही भीती वाटू लागली.

एका रविवारी भाऊ गाडी घेऊनच आला. मीही तिथे होते. तो चप्पलसुद्धा न काढता म्हणाला, "ताई, मी आईला घेऊन जातो. तिकडे दोन घास कुणी भरवेल तरी. तू तर तिला तुझ्या कॉलेजची प्रयोगशाळा करून टाकलंस."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "भरवशील, आणि तिचा हा हातही घालवशील. मग ती कायमची पडून राहील. चालेल तुला?"

"उपाशी तर नाही ना मरणार!"

दोघंही मोठ्यानं बोलत होते आणि माय मधे पाटावर बसलेली होती, समोर ताट. दोघांपैकी कुणी तिला काही विचारलं नव्हतं. मायने डाव्या हाताने ताट वाजवलं, तेव्हा कुठे ती दोघं गप्प झाली.

"मले कुठी जायाचं नाही," माय म्हणाली आणि मॅडमकडे वळली. "अन् नली, घास उचलता येते मले. येत नाही असं नाही. पण तू तिथी पाह्यत बसते, मले एकटी जेवल्यावानी वाटते. गोडच लागत नाही काही. केस माहे मी विंचरीन. जेवू तू घाल."

मॅडम उठल्या, भात गरम करून आणला आणि मायच्या जवळ बसल्या. पहिला घास फार मोठा झाला. "जरा लहान कर ना वं," माय वसकली. भाऊ खाली बघत चप्पल काढायला दाराकडे गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. त्यानंतर माय भरल्या अंगाची झाली नाही, पण जेवायला लागली, आणि दिवाळी बघून गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत केस मात्र तिचे तीच विंचरत होती.

भाऊ आला त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, वर्गात वृद्धत्वाचाच धडा होता. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग मराठीतच म्हणाल्या, "मी इतकी वर्षं शिकवत आले की या वयात माणसाला काय जमतं, काय जमत नाही. त्याला काय हवंय, हे मी कधी शिकवलंच नाही. मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं." पुढच्या बाकावरच्या एका मुलीने पेन उघडून विचारलं, "मॅडम, ये परीक्षा में लिखना है क्या?"

"नको लिहू," मॅडम म्हणाल्या. "घरी जा आणि विचार."

आणि तास संपायच्या आधीच त्यांनी पर्स उचलली. मायच्या जेवणाची वेळ झाली होती.