हनुवटीखालचा लाल दिवा

आमचे आबा नंदुरबारच्या बाजारात ओल्या मिरचीचा लिलाव पुकारायचे तेव्हा तिकडे अक्कलकुव्याच्या स्टँडवरची एसटी आपोआप सुटायची. ड्रायव्हरला वाटे, कंडक्टरने घंटी दिली. विसरवाडीला ट्रकवाले ब्रेक मारून बघायचे, मागून कोण हाक मारतंय. थोडं वाढवून सांगतोय म्हणा. पण मिरचीच्या ढिगापुढे सगळा बाजार ठसकत, शिंकत असताना न खोकता ‘एक, दोन, तीन’ म्हणणारा गडी तो एकच होता, आणि त्याच्या तोंडून ‘तीन’ निघाल्याशिवाय माल कुणाचाच नसे.

मग तंबाखूने गळा धरला. सुरतेच्या डॉक्टरांनी जीव ठेवला आणि आवाजाची पेटी काढून घेतली. श्वासाला गळ्यात एक भोक उरलं आणि बोलायला टॉर्चएवढं एक यंत्र मिळालं. ते हनुवटीखाली दाबून बटण धरायचं. ते घुंऽऽ करतं, ओठ हलवले की त्या घुंऽऽचे शब्द होतात. भुंग्याला डब्यात कोंडून अहिराणी शिकवावी तसा आवाज. त्यात यंत्राची बॅटरी घटकाभरात बसायची, आणि चार्जिंगला लावलं की यंत्र मुकं. कोरीटला आमच्या घरी लाइट आली की आबा गप्प, असा उफराटा कारभार झाला.

आबांनी मला एकच काम सांगितलं. हंगाम उघडला की त्यांना एक ढीग पुकारायचा होता. पुरा. मध्ये यंत्र बंद न पडता.

हे काम लांबवण्यासारखं नव्हतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला आणि मायला बाहेर बोलावून सांगितलं होतं, परत आलंय, आता छातीत. करण्यासारखं काही नाही. मायने परतीच्या वाटेवरच मला दटावलं, “त्यासले सांगू नको. मानूस आयकस नि जेवन सोडी देस.” मग मी सांगितलं नाही. भावकीला कळलं, गल्लीला कळलं, बाजाराला कळलं. आबांना तेवढं नाही.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मेलेले फोन मी इतके उठवलेत की स्मशानवाल्यांनी माझा धसका घ्यावा. मी कागदावर सर्किट मांडलं. एका बाजूने यूएसबीची वायर, दुसऱ्या बाजूने लिथियमचा सेल. सेल आणि यंत्र एकाच चार्जरला सरळ जोडले तर आबा बोलत राहतील तोवर सेल काही भरायचा नाही. यंत्र त्याच्या ताटातलं खातं. म्हणून मध्ये मॉस्फेट घातला, शेतातल्या दांडावर पाणी वळवायची फळी असते ना, तसा. वायर लावली की यंत्र थेट वायरीवर चालेल, सेल बाजूला बसून आपलं पोट भरेल. वायर काढली की फळी उघडून सेलचं पाणी सुरू. त्या क्षणभराच्या अदलाबदलीत शब्द तुटू नये म्हणून एक जाडा कपॅसिटर. सेल नवा घेतला. दुकानात जुन्यांची टोपली भरलेली होती, पण हे बापाच्या गळ्याला लावायचं होतं.

लिथियम फार खाली ओढला तर मरतो, म्हणून तळाला गेला की सर्किट त्याला तोडून टाकतं. त्याआधी इशारा म्हणून लाल दिवा. यंत्राच्या शेपटाला जागा होती, तिथे बसवला.

हंगाम उघडला. गळ्यावर ओला रुमाल बांधून आबा ढिगापुढे उभे राहिले. तिथे वायर कुठली, सगळं सेलवर. एक व्यापारी म्हणाला, “आबा, पिठाची गिरणी गिळली काय?”

“गिळी लिन्ही,” यंत्र घुमलं. “दाना आन, दळी देस!”

बाजार हसला. बोली चढू लागली. चिडवाचिडवी, हुज्जत, सगळं जुन्यासारखं. मग दिवा लाल झाला. हनुवटीखालून तो समोरच्या सगळ्यांना दिसत होता, एका आबांना सोडून. एकेक आवाज खाली बसला. ज्यांनी जन्मात रुपया सोडला नाही ते मुकाट माना डोलवू लागले. मघाचा गिरणीवाला पायाकडे बघत उभा राहिला.

“एक... दोन...”

आणि भुंगा मेला. आबांचे ओठ हलले, नुसतेच. तेव्हा अख्खा बाजार एका सुरात म्हणाला, “तीन.”

त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

बाहेर मोटरसायकलपाशी आबा थांबले. सेलला विसावा मिळाला की त्यात दोन घोट पाणी परत जमतं. त्यांनी यंत्र हनुवटीला लावून बटण दाबलं आणि समोरच्या आरशात त्यांना स्वतःच्या गळ्याखाली तो लाल ठिपका दिसला. मग माझ्याकडे वळले.

“आजून काय शे,” भुंगा कण्हला, “जे तुमले सर्वासले दिखस नि माले नही?”

यंत्र बंद पडलं. जमलेले दोन घोट त्यांनी यावर खर्च केले होते.

जिल्ह्यात माझ्याएवढा थापाड्या दुसरा नाही. बिबट्याला मी मोबाइलचा टॉर्च दाखवून नर्मदेपार पळवल्याचं अजून लोक खरं मानतात. पण त्या दिवशी तोंडात थाप म्हणून येईना. डॉक्टर काय म्हणाले ते मी तिथेच, मिरच्या उतरवणाऱ्या टेम्पोच्या आडोशाला, सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. उलट काही म्हणायला त्यांच्याकडे आवाज नव्हता.

घरी आल्यावर मी वायर लावली. माय ताट वाढत होती. आबा म्हणाले, “तो दिवा मन्हा डोयासमोर ठेव.” आणि जेवायला बसले. मायकडे बघून, जरा मुद्दामच, एक भाकरी जास्त खाल्ली.

मी दिवा उपटला. बारीक वायर काढून तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आत बसवला, तंबाखूची डबी असायची तिथे. मान खाली घातली की त्यांना दिसेल, बाकी कुणाला नाही.

पुढच्या बाजाराला व्यापाऱ्यांनी शेवटपर्यंत हुज्जत घातली. आबांनी दोनदा खिशात डोकावून पाहिलं आणि ‘तीन’ स्वतः म्हणाले. पुढचा ढीग दुसऱ्या पुकारणाऱ्याला हाताने दाखवला, आणि बाजूला झाले.

मग घरीही तसंच. बोलता बोलता मान खाली घालत, खिशात बघत, आणि काही वेळा बोलत राहत, काही वेळा यंत्र काढून ठेवत. आम्ही समोर बसलेलो. किती उरलंय ते आम्हाला दिसत नव्हतं.