हात वर करायला शिकवणारे राठोड सर

राठोड सरांना मी प्रथम पाहिलं ते शिरड शहापूरच्या शाळेमागच्या मैदानावर. माझे यजमान नुकतेच गेले होते आणि माझ्या मुलाला, गजूला, कबड्डी खेळायची होती. सर म्हणाले, "ताई, पोरगं माझ्याकडं राहू द्या." घरी रिकामी बसू नये म्हणून मलाही ते पुस्तकं आणून देत. चार ओळी लिहिते आहे ते त्यामुळेच.

सरांच्या मैदानाचा एक नियम होता. चढाईवाल्याचा हात लागला आणि पंचांना दिसला नाही, तरी आपणच हात वर करून बाहेर जायचं. त्या शिस्तीत वाढून गजू पुढे मोठ्या संघात करारावर खेळू लागला.

सुट्टीत आलेल्या गजूला घेऊन सर कळमनुरीहून सामने आटोपून परतत होते. वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीपाशी मारामारी चालू होती. गजू सोडवायला गेला. ढकलाढकलीत एक माणूस पडला, त्याचं डोकं फुटलं. मारणाऱ्यांत दुकानदार होते, गाडीवाले होते, एक चांगला नोकरदारही होता. पोलिसांनी विचारल्यावर सगळे गप्प राहिले. गजूने हात वर केला.

"काहून सांगितलंस रे?" मी विचारलं.

"माझा हात लागला होता, माय."

गुन्हा त्याच्या एकट्यावर नोंदला गेला. पेपरात 'कबड्डीपटू अटकेत' असं छापून आलं आणि संघाने करार मोडला. पारावर लोक बोलू लागले, बाकी धंद्यांपेक्षा खेळाडूंतच गुन्हेगार जास्त, अंगात रग असते. सर तिथे बसलेले होते. ते शांतपणे म्हणाले, "बराबर तोलायचं तर गप बसलेले बी मोजा. दुकानदार धरला तर त्याचा धंदा छापून येतो का?" बोलणं मात्र थांबलं नाही.

जामिनावर सुटलेला गजू आता घरातच बसून असतो. सर कोर्टाच्या दर तारखेला आमच्याबरोबर हिंगोलीला येतात. परवा मैदानावर एका पोराने हात वर केला, तेव्हा सरांनी मान खाली घातली. परतताना म्हणाले, "ताई, हे शिकवावं का न्हाई, मला कळंना." मलाही कळत नाही.

गजू सोडवत होता, हे पाहिलेले आणि सांगायला तयार असलेले एकटे सरच आहेत. त्यांची साक्ष अजून झालेली नाही. तारीख पुढे जाते, सर थकत चालले आहेत. पंचाहत्तरीनिमित्त इतरांनी त्यांना पुष्कळ काही चिंतलं असेल. मी एवढंच मागते, की त्यांची तब्येत धडधाकट राहावी आणि त्यांनी खूप जगावं. त्या कोर्टात हात वर करायला दुसरं कोणी नाही.