अनसूवहिनींनी दगड का मारले

हवालदारांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "मॅडम, ही बाई नवऱ्याला दगड का मारतेय?"

मी व्हिडिओ पाहिला. धरणाखालचा धबधबा, स्वच्छ ऊन, मागे हिरवागार डोंगर. खडकावर एक माणूस पाठमोरा उभा. काठावरची बाई वाकते, दगड उचलते, त्याच्या दिशेने फेकते. पुन्हा वाकते. व्हिडिओ काढणारा सुरुवातीला हसतोय. मग पाणी वाढतं आणि त्याचं हसणं थांबतं. खडक दिसेनासा होतो, माणूसही.

तो माणूस म्हणजे काशिनाथदादा, माझ्या बसमधले पॅसेंजर. ती बाई त्यांची बायको, अनसूवहिनी. गावातल्या पोहणाऱ्यांनी दादांची बॉडी खालच्या बंधाऱ्यापाशी नुकतीच काढली होती. वहिनी चौकीच्या बाकावर बसल्या होत्या आणि कुणाशीच बोलत नव्हत्या.

"भांडण झालं होतं का दोघांचं?" हवालदार म्हणाले. "व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. साहेबांना वरून फोन येतायत."

मी भिवंडीच्या एका टूर ऑफिसात टूर मॅनेजर आहे. नाव मोठं, काम साधं. बसबरोबर जायचं, माणसं मोजायची, नाश्ता गरम आहे का बघायचं, आणि पॉइंटवरून सगळ्यांना वेळेवर गाडीत बसवायचं. त्यासाठी माझ्या गळ्यात शिट्टी असते. शिट्टी वाजली की परत फिरायचं, हे बस सुटतानाच सांगते.

आमचा धंदा खरा चालतो तो पाऊस सरल्यावर. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत. आमच्या ऑफिसचे शेठ त्याला 'शरद स्पेशल' म्हणतात. डोंगर अजून हिरवे असतात, रस्ते वाळलेले असतात, फोटोत आकाश निळं येतं. एकच अडचण असते. ऑक्टोबरात बाकीचे धबधबे आटत आलेले असतात आणि पब्लिकला तर धबधबाच हवा असतो. म्हणून आम्ही धरणाखालचा पॉइंट दाखवतो. धरण काठोकाठ भरलेलं असतं. वरून पाणी सोडलं की खाली धबधबा. न सोडलं तर नुसता खडक. म्हणजे जे बघायला माणसं येतात, तेच पाणी जास्त सुटलं तर त्यांना घेऊन जातं. हे ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत.

ती ट्रिप कामतघरच्या एका पॉवरलूम कारखान्याची होती. बाजारात मंदी होती, मालकाला लूम तसेही बंद ठेवायचे होते. मग त्याने कामगारांना सहकुटुंब सहल देऊन टाकली. बरोबर कारखान्याचे जॉबर इक्बालभाई होते. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा आणि कामगारांवर लक्ष ठेवणारा माणूस. काशिनाथदादा दिघाशीचे. उभा जन्म लूमवर गेला, आणि दोघं नवराबायको सहलीला म्हणून पहिल्यांदाच निघाली होती.

खरं सांगते, इतका गुणी ग्रुप मला कधी मिळाला नव्हता. एरवी सोसायटीवाले सूचना चालू असतानाच चिप्सची पाकिटं फोडतात. ही माणसं माझ्याकडे टक लावून बघत होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

दुपारी आम्ही पॉइंटवर पोचलो. आमच्याकडे ऊन होतं, पण वरच्या डोंगरात हस्ताचा पाऊस कोसळत होता. थोड्या वेळाने धरणाचा भोंगा झाला, धबधब्याच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असा. भोंगा झाला की दार उघडायच्या आत नदीतून बाहेर पडायचं असतं. तेवढा वेळ मिळतो. मी जोरजोरात शिट्टी फुंकली. माणसं निघाली. आधी पुढची, मग त्यांना बघून मागची.

काशिनाथदादा सगळ्यांच्या पुढे, धबधब्याकडे तोंड करून उभे होते. मी शिट्टी फुंकत होते, सगळे ओरडत होते, आणि अनसूवहिनी दगड मारत होत्या. एकही दगड तिथपर्यंत पोचला नाही. इक्बालभाई पाण्यात शिरले होते, त्यांना दोघांनी मागे ओढलं. नाहीतर बॉडी दोन मिळाल्या असत्या.

चौकीतून मी शेठना फोन लावला.

"शिट्टी मारली होतीस ना?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"मारली."

"मग संपलं. लिहून दे, वारंवार सूचना देऊनही दुर्लक्ष केलं. आणि तो व्हिडिओ बघितला मी. घरगुती भांडण दिसतंय. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"शेठ, त्या बाईला आत बसवून ठेवतील."

"ते पोलीस बघतील. तू बस घेऊन ये."

मी फोन ठेवला. राग आला होता, पण रागाने काही सिद्ध होत नाही. दगड का मारले, ते मला तरी कुठे माहीत होतं?

आत हवालदार इक्बालभाईंना विचारत होते. "माणसाला ऐकू येत होतं की नाही? एवढा आरडाओरडा चाललाय, हा वळून बघत नाही."

"सुनाई देता था, साब," इक्बालभाई म्हणाले. "बराबर सुनाई देता था."

ते इतक्या घाईने बोलले की मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. आणि तेव्हा मला सकाळचा नाश्ता आठवला.

हॉटेलच्या अंगणात पोहे होते. दादा दूर कठड्याशी उभे राहून दरी बघत होते. वहिनींनी पोह्यातला शेंगदाणा उचलला आणि नेम धरून त्यांच्या पाठीवर मारला. दादा वळले, हसले आणि चहाला आले. मी म्हटलं होतं, "वहिनी, नवऱ्याला अशी हाक मारतात का?" त्या म्हणाल्या, "आमची हाक अशीच." मी हसले आणि चटणी वाढायला गेले.

मी वहिनींना पाणी द्यायच्या निमित्ताने बाहेर घेऊन आले.

"वहिनी, दादांना ऐकू येत नव्हतं ना?"

त्यांनी पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला.

"तुम्ही भांडून दगड मारले, असं आत लिहितायत. काय ते खरं सांगा."

"त्यांनी शपत घातली हाय. मालकाला कळला तं लूमवरून उठवतील. कोनाला सांगाचा न्हाय."

"आता कोण उठवणार आहे त्यांना?"

हे माझ्या तोंडून फार कठोर निघालं. पण दुसरं काय बोलणार? वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि दुपारपासून पहिल्यांदा रडल्या. पदराचा बोळा तोंडात कोंबून रडल्या, आवाज आत जाऊ नये म्हणून.

मग म्हणाल्या, "घरात हाक मारून उपेग न्हाय. खडा मारला का वळतात. आज खडा लागलाच न्हाय वो ताई. माझा नेम कवा चुकला न्हवता."

हे सगळं त्यांनी आत येऊन पुन्हा सांगितलं. हवालदारांनी लिहायचं थांबवून इक्बालभाईंकडे पाहिलं. "तुम्ही तर म्हणालात, बरोबर ऐकू येत होतं."

इक्बालभाईंनी टोपी काढून हातात घेतली. "साब, क्या बोलूं. मेरे को भी कम सुनता है. हम में आधे लोग ऐसे ही हैं. मशीन में सब इशारे से चलता है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्हारी सीटी किसने सुनी? आगेवाला भागा, तो पीछेवाला भागा. काशिनाथ के आगे कोई था ही नहीं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सगळा कारखाना ही गोष्ट झाकत होता. बसमध्ये माना हलत होत्या त्या एवढ्यासाठीच. न ऐकलेल्या गोष्टीलाही मान हलवायची त्यांना सवय होती. लूमच्या खडखडाटात ज्याने दोनदा "काय?" म्हटलं, तो मालकाच्या डोळ्यांवर येतो.

पुढे मी भिवंडीतल्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लूमवाल्यांचे कान आधी बारीक, तीक्ष्ण आवाज गमावतात. शिट्टी, पाखरं, लहान मुलांचं बोलणं. जाड, घुमणारा आवाज शेवटपर्यंत येत राहतो. "म्हणजे धबधबा ऐकू येत असेल?" मी विचारलं. "तोच तेवढा नीट येत असेल," ते म्हणाले. दादा सगळ्यांच्या पुढे का जाऊन उभे राहिले होते, ते मला तिथे त्या दवाखान्यात कळलं. मी फी दिली आणि जिन्यातच बसले.

त्या दिवशी चौकीत माझ्या जबाबात मी लिहिलं, 'शिट्टी वाजवली. ती त्यांना ऐकू गेली नाही. पत्नी त्यांना नेहमीच्या पद्धतीने बोलावत होती.' शेठनी दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये घेतलं.

"ऐकू गेली नाही, हे तुला कुणी लिहायला सांगितलं? पगार कोण देतं तुला?"

"तुम्ही देता. पण बुडालेला माणूस माझ्या बसमधला होता."

त्यांनी मला काढलं नाही. दिवाळीच्या सगळ्या बस बुक होत्या आणि दुसरी मॅनेजर मिळत नव्हती. एवढंच कारण होतं, उगाच मोठेपणा नको.

पोलिसांनी अपघाती मृत्यू नोंदवला. वहिनी सुटल्या. व्हिडिओ मात्र सुटला नाही. दिघाशीत दादांच्या तेराव्याला गेले, तेव्हा मांडवात दोघी जणी वहिनींकडे बघून कुजबुजत होत्या. मी त्यांना दगडांचं कारण समजावलं. त्यांनी छान माना हलवल्या.

खरं बोलण्याचा आणखी एक परिणाम झाला. मालकाने सगळ्यांचे कान तपासून घेतले आणि ज्यांचे फार गेले होते त्यांना घरी बसवलं. इक्बालभाईही त्यात गेले. आता दापोड्याला एका गोदामाच्या गेटवर बसतात. मला बघून तोंड फिरवतात. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही.

शेठनी सुरक्षेसाठी मोठ्या आवाजाच्या नव्या शिट्ट्या मागवल्या. माझा धडा वेगळा आहे. सूचना देऊन झाल्यावर मी बसमध्ये सगळ्यांच्या मागे जाऊन हळू आवाजात एकेकाला नावाने हाक मारते. जो वळत नाही, त्याला पॉइंटवर हाताला धरून फिरवते. काहींना राग येतो. येऊ दे. मान हलली म्हणजे ऐकलं, हे मी धरून चालत नाही.

यंदा सीझनच्या तोंडावर एका नव्या क्लायंटने मला व्हॉट्सॲपवर तोच व्हिडिओ पाठवला. कुणीतरी त्याचा शेवट कापून टाकला होता. नुसतं ऊन, हिरवा डोंगर, पांढरंशुभ्र पाणी आणि कोपऱ्यात वाकलेली बाई. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, हा स्पॉट कुठला? काय सीन आहे! दसऱ्याच्या सुट्टीत फॅमिलीसाठी सहा सीट धरा.'

मी उत्तर दिलं, 'तिथे माझी बस जात नाही.'

लगेच मेसेज आला, 'मग कुणाची जाते?'